येसूबाईची तांबडी भिंत

धारकोंडात कुणाच्या घरी लग्न ठरलं की पहिला निरोप भटाला नाही, येसूबाईला जायचा. भट काय, मुहूर्ताला येतोच. पण भिंत कोण रंगवणार? गेरू सगळ्याच बाया लावतात, पण येसूबाईचा हात फिरला की पाहुणा आधी भिंतीकडं बघायचा आणि मग यजमानाला रामराम घालायचा. खाली कमरेइतका तांबडा पट्टा, वर चुन्याची रेघ, रेघेवर तांदळाच्या पिठाची बोटं. बाईला अक्षर येत नव्हतं, पण कुठली माती वाळल्यावर कशी दिसेल हे ती नखावर घासून सांगायची. आणि आपल्याला हे येतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं बरं का. गर्व म्हणा नाहीतर हौस म्हणा, बाईला मिरवायला तेवढीच काय ती जागा.

धारकोंड म्हणजे वरंधच्या अंगाला, घाटाची सडक सोडून डोंगर चढलात की लागणारी मूठभर घरं. नाचणी-वरीची शेती, घरटी एखादा माणूस मुंबईला, बाकीच्यांनी डोंगर राखायचा. गावाला नाव मिळालं ते धारेवरून. वरचा माळ पावसाळाभर पाणी पितो. ते पाणी कातळाच्या फटींतून खाली उतरत जातं आणि एका तांबड्या मातीच्या थरावर येऊन अडतं. तो थर सारवलेल्या जमिनीसारखा घट्ट. पाणी त्यात मुरत नाही, त्याच्यावरून सावकाश सरकत राहतं आणि डोंगराची कड जिथं तुटलीय तिथं बाहेर येतं. हे आपण आज सांगतोय. तेव्हा लोकांना एवढंच माहीत की कातळाच्या कुशीतनं पाणी येतं, कुंडीत साचतं, कुंडीतनं कळकाच्या पन्हळीनं पडतं आणि वैशाखातही आटत नाही. तिथं साती आसरा, पाण्याच्या देवी, राहतात. त्यांचा नेम एकच, कुंडीला लोखंड लावायचं नाही. शिमगा झाला की बाया कुंडीतला गाळ काढायच्या, तो हातानं आणि नारळाच्या करवंटीनं. रानातनं येणारी बाईसुद्धा विळा लांब ठेवून मगच पाण्याला वाकायची. का, ते कुणी विचारलं नाही. नेमाला कोण का विचारतं?

नवे पैसे बाजारात आले त्याच्या पुढच्या साली येसूबाईच्या मोरूचं लग्न ठरलं. मोरू एकुलता, मुंबईला गिरणीत होता. मुलगी खालच्या खैराटवाडीची, भागोजीची रखमा. खैराटवाडी धारकोंडच्या बरोबर पायाशी. वरून दगड सोडला तर कुणाच्या तरी परसात पडेल, पण वाट मात्र वळसे घेत जाते. आणि नशीब कसं असतं बघा, वर धार आणि खाली ठणठणाट. खैराटवाडीच्या बाया उन्हाळ्यात पार ओढ्यात उतरायच्या आणि डबक्यातलं पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरायच्या. म्हणूनच भागोजी स्थळ बघायला आला तेव्हा त्यानं शेत बघितलं नाही, मुलाची नोकरी विचारली नाही. कुंडीवर गेला, ओंजळीनं पाणी प्याला आणि म्हणाला, "पोरीचा वनवास सरला. मला आनखी काय पायजे?"

लग्न मुलाच्या मांडवात. सगळी खैराटवाडी वर येणार. उभ्या गावाच्या भिंती रंगवणाऱ्या बाईच्या घरची भिंत मग कशी असायला हवी? आणि नेमकी तेव्हाच गेरूची जुनी खाण ढासळली. हाताला लागली ती माती पिवळट. येसूबाईनं कोपऱ्यात एक हात फिरवून बघितला आणि लगेच पुसून टाकला.

"लाव की तीच," तिचा नवरा गोमाजी म्हणाला. "लोकं जेवाया येतात गो, भित चाटाया नाय येत."

"तुमास त्यातलं काय कळतंय," येसूबाई म्हणाली. "माज्या पोराच्या लग्नाला माजीच भित पिवळी? मग मी तोंड कुटं दाखवू?"

खरी गोष्ट ही की तिच्या मनात दुसरीच माती घर करून बसली होती. त्या शिमग्याला कुंडी साफ करताना, गाळ निघाल्यावर तळाशी करवंटी घासली होती. बोटाला जी माती लागली ती कलेजीसारखी लालभडक. घरी येऊन दोनदा हात धुतले तरी नखांतनं गेली नव्हती. तशी माती तिनं जन्मात पाहिली नव्हती.

चैत्रातली दुपार. बाया शेतात राब भाजण्यासाठी पालापाचोळा गोळा करायला रानात गेलेल्या, गडी झाडाखाली आडवे झालेले. येसूबाई टोपली घेऊन कुंडीवर गेली. पहार तिनं जुन्या लुगड्यात गुंडाळून नेली होती. आधी नारळ ठेवला, खण ठेवला, हात जोडले. "आयांनो, घरी कार्य हाय. येक टोपलीभर घेते, पुना मागायची नाय." मग कुंडीचं पाणी करवंटीनं उपसून तळ उघडा केला. आधी हातानं ओरबाडून बघितलं, मग करवंटीनं. माती जागची हलेना. तेव्हा मग तिनं लुगडं सोडलं आणि पहार घातली.

टोपली भरत आली तेव्हा शेवटचं मोठं ढेकूळ सुटलं आणि खाली मातीच नव्हती. काळा कातळ, आणि तोही एकसंध नाही, तडे पडलेला. कुंडीत चढणारं पाणी तिथं गरकन फिरलं आणि घोट घेतल्यासारखा आवाज झाला. येसूबाईनं हाताला लागले ते दगड त्या जागी दाबले, वर माती थापली, पायानं दडपली. पाणी पुन्हा चढलं, पन्हळ वाहायला लागली. तिनं सुस्कारा टाकला, टोपली डोक्यावर घेतली आणि मांडवाच्या गडबडीत ती गोष्ट विसरूनही गेली.

भिंत काय झाली म्हणून सांगू! वऱ्हाडातल्या बाया हात लावून बघत होत्या. येसूबाईला जन्मात कुणी एवढं नावाजलं नव्हतं, ती दिवसभर उगाचच घरातनं बाहेर आणि बाहेरनं घरात करत होती.

आणि सून मिळाली ती लाखात एक. रखमाच्या पायाला भिंगरी होती. चढ असो उतार असो, चालली की मागच्याला धावावं लागायचं, आणि हसायचीही तशीच, भराभर. दुसऱ्या दिवशी रीतीप्रमाणं तिला पहिला हंडा भरायला कुंडीवर नेलं. तिनं आसरांची ओटी भरली, पाय धुतले, कुंडीत उतरून हंडा बुडवला. तो एका दमात भरला तसं तिला हसू आवरेना. "आत्या," ती सासूला म्हणाली, "हतं पानीच आपल्याकडं येतंय. आपुन पान्याच्या मागं जायाचं नाय."

मोरूची रजा संपली, तो मुंबईला गेला. रखमाच्या अंगावरची हळद अजून उतरली नव्हती आणि पन्हळीची धार बारीक झाली. आधी करंगळीएवढी, मग दोऱ्याएवढी, मग नुसती टिपकायला लागली. एका सकाळी बाया हंडे घेऊन गेल्या तर कुंडी कोरडी. म्हाताऱ्यांनी कपाळाला हात लावला. असं त्यांच्या आजोबा-पणजोबांनीही ऐकलं नव्हतं.

बाया गेल्यावर येसूबाई एकटी कुंडीत उतरली. तिनं दाबलेले दगड जागेवर नव्हते, आत घसरून गेले होते. तिथं मूठभर काळं बीळ होतं. तिनं आणखी दगड-माती दडपली, तीही आत गेली; तळवा धरला तर आतनं गार वारा लागला.

देवळापुढच्या चौथऱ्यावर, सहाणेवर, गाव बसला. चांगू भगतानं देवीला कौल लावला, मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं. नवं पाऊल कुंडीत पडलं, त्याचा हा दोष काय? उजवं फूल पडलं, म्हणजे होकार. झालं. दुसरा प्रश्न कुणी विचारलाच नाही. नव्या सुनेचा पायगुण वाईट, ती गावात आहे तोवर पाणी यायचं नाही, तिला माहेरी घालवा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि चोर तिथंच बायकांत पदर सावरून बसलेली.

बोलणं येसूबाईच्या ओठाशी आलं होतं. दोनदा आलं. पण आसरांच्या पाण्याला लोखंड लावणारीला गाव वाळीत टाकणार, चुलीला विस्तव देणार नाही, गोमाजीला कुणी सहाणेवर बसू देणार नाही. आणि मग तिनं स्वतःचीच समजूत घातली. पाऊस पडेल, माळ भिजेल, धार पुन्हा सुरू होईल, पोरगी परत येईल. चार महिन्यांचा तर सवाल. तोवर माहेरी आराम करील बिचारी. माणूस स्वतःला किती गोड गोड सांगू शकतो हो.

निघताना रखमा उंबऱ्यावर थांबली. "आत्या, मी पाय धुवून उतरलेले," ती म्हणाली. "तुमी व्हताव ना तितं. धुतलेले ना?"

"धुतलेलेस गो," येसूबाई म्हणाली. "पाऊस पडला की येशीलच तू." आणि आत जाऊन तिनं चुलीत उगाच लाकूड सारलं.

पाऊस पडला. माळ भिजला, ओढे फुटले, सगळीकडं पाणीच पाणी. कुंडीवरच्या कातळातनंही धार यायची, ती कुंडीत पडायची आणि त्या बिळात नाहीशी व्हायची. श्रावणात खालून बातमी आली. भागोजीच्या परसामागची दरड फुटून पाणी लागलं होतं. आधी कितीतरी दिवस लालभडक आलं, मग निवळलं. दसरा गेला, दिवाळी गेली, ते थांबलं नाही. शिमग्यातही थांबलं नाही. खैराटवाडीत कधी कुणी पाहिलं नव्हतं एवढं पाणी, आणि ते नेमकं रखमाच्या माहेरच्या परसात.

झालं, आता कौलाचीही गरज उरली नाही. धारकोंड म्हणालं, सटवीनं जाताना पाणी पायाबरोबर नेलं. खैराटवाडी म्हणाली, आमच्या लेकीनं पाणी आणलं. एकाच गोष्टीवर वर शिव्या आणि खाली ओवाळणी. पण ओवाळणी शिव्यांपेक्षा वाईट निघाली. शिमग्याला मोरू मुंबईहून आला आणि गावाला न जुमानता बायकोला आणायला खाली गेला. खैराटवाडीची माणसं दारात येऊन उभी राहिली. भागोजी मान खाली घालून म्हणाला, "जावयबापू, पोरगी गेली तर पानी बी जाईल. आमी काय पुना डबक्याव बसायचं?" मोरूनं हात जोडले, भांडला, शेवटी एकटाच परत आला आणि मुंबईची गाडी पकडून गेला.

त्या दिवशी येसूबाईनं नवऱ्याला सगळं सांगितलं. पहार, टोपली, घोटाचा आवाज, सगळं. गोमाजीनं विडी विझवली.

"पहारीनं डोंगराचं पानी जातंय काय?" तो म्हणाला. "सुनेवर माया हाय तुजी, मला ठावं हाय. पन म्हनून असलं पाप अंगावर घेऊ नको. बोलू नको कुनाला."

इतके दिवस कुणाला कळेल म्हणून ती झुरत होती. आता कुणाला खरंच वाटत नाही म्हणून झुरायला लागली. पण येसूबाई सारवणारी बाई. सारवलेल्या अंगणात पाणी साचतं आणि मेख उपटलेल्या जागी खाली जातं, हे तिनं शंभरदा पाहिलं होतं. डोंगराचं सारवण तिनं फोडलं, वरचं पाणी खाली उतरलं, आणि खाली पुन्हा कुठंतरी असाच घट्ट थर लागून भागोजीच्या परसात बाहेर आलं. खैराटवाडीत आलेलं लाल पाणी म्हणजे तिचाच गेरू. हे सिद्ध करायचं कसं?

पुढच्या पावसात तिनं भाताचा कोंडा घेतला. मोरूच्या लग्नातली उरलेली हळद गाडग्यात होती, ती त्यात कालवली. पिवळाजर्द कोंडा कुंडीतल्या त्या बिळात ओतला आणि भिजत भिजत खैराटवाडीला गेली. भागोजीच्या परसात, पाणी पडतं तिथं पदर पसरून बसली. बाया विचारत होत्या, ही पाण्यावरची नजर काढत नव्हती. त्या दिवशी काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. दुपारकडं पदरात एक पिवळा कण आला. मग दुसरा. मग चिमूटभर कोंडा. येसूबाईच्या डोळ्यांना धारा लागल्या. तिनं तो कोंडा तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवला. "बगा, माजा कोंडा हाय ह्यो. वर कुंडीत मी घातलेला. पानी तितनं येतंय. मीच फोडलंय तितं पहारीनं. पोरीचं काय नाय ह्यात. तिला जाऊ द्या."

बाया एकेक पाऊल मागं सरकल्या. सुनेच्या पायामागनं गेलेलं पाणी परत न्यायला सासू आलीय आणि आपल्या पाण्यात हळद लावलेला कोंडा सोडतेय, एवढंच त्यांना दिसलं. एकीनं शब्द उच्चारला, करणी. हात दाखवून अवलक्षण झालं. संध्याकाळच्या आत खैराटवाडीनं ठरवलं, धारकोंडच्या येसूनं आमची शीव ओलांडायची नाही, आणि रखमानं शिवेबाहेर पाऊल टाकायचं नाही. पहिलीला शिक्षा आणि दुसरीला जपणूक, असं त्यांना वाटत होतं.

मग वर्षं गेली. मोरूनं मुंबईत दुसरी बाई केली आणि गावाला येणं सोडलं. गोमाजी गेला. कुंडीखालची खाचरं तडकली, फणस उभ्या उभ्या वाळला, पाण्याचा ओलावा गेला तशी कुंडीची दरड भुसभुशीत होऊन एका पावसात खाली बसली. खाली मात्र भागोजीच्या परसामागच्या घळीत गाळ भरत गेला, त्याची खाचरं झाली, खैराच्या काट्यांत भात डोलायला लागला, केळी लागल्या. डोंगर तोच, नुसती आतली वाट बदलली आणि एक गाव उठलं, एक बसलं. धारकोंडात एकेका घराला कडी लागत गेली. येसूबाईला पुन्हा कुणी भिंत रंगवायला बोलावलं नाही, कारण लग्नंच होईनात. पाणी नाही त्या गावात मुलगी कोण देणार? आपली भिंत तिनं शेणानं सारवून टाकली होती. दर पावसाळ्यात शेण उकलायचं आणि आतला लाल पुन्हा दिसायचा.

धारकोंडच्या उरल्यासुरल्या बाया आता पाण्याला खैराटवाडीत उतरायच्या. येसूबाईला ती मुभा नव्हती. ती शिवेच्या दगडापाशी रिकामी कळशी ठेवून बसायची, आणि रखमा पलीकडनं येऊन कळशी घेऊन जायची, भरून आणून दगडावर ठेवायची. तेवढी दया गावानं दाखवली होती.

रखमा आता पोक्त दिसायला लागली होती. माहेरात कुणी तिला कमी करत नव्हतं, सणाला पहिलं पान तिचं. पण चालणं बदललं होतं. ती पाय जपून टाकायची, खाली बघत, जमिनीला विचारल्यासारखी. पाण्यात तर ती उतरतच नसे. कळशी दुसऱ्या बाईकडून बुडवून घ्यायची.

एका चैत्रात दोघींशिवाय तिथं कुणी नव्हतं. रखमानं भरली कळशी दगडावर ठेवली. येसूबाईनं ती उचलली नाही.

"रखमे, आता तरी आयिक," ती म्हणाली. "मी आता मरायला टेकले, खोटं कशाला बोलू? कुंडीला पहार मी लावली. माज्या भितीच्या हौसेपायी. तुजा पायगुण वाईट नाय आन चांगला बी नाय. तुज्या पायात कायच नाय गो."

रखमा थोडी हसली. "तुमी लय चांगल्या हाव, आत्या. दुसरी सासू असती तर माजं तोंड नसतं बगितलं. तुमी माज्यासाटी करनीचं नाव घेतलंव अंगावर."

"खरं सांगतेय मी."

"ऱ्हावदे, आत्या."

येसूबाईनं दगडावरून हात पुढं केला आणि तिचं मनगट धरलं. "मग ये. येक पाऊल टाक हिकडं. पानी जातंय काय ते आपुन दोगी बगू. नाय गेलं तर चालाया लाग, मोकळी हायस तू."

तिनं ओढलं, आणि रखमा जिवाच्या आकांतानं मागं झाली. दोन्ही हातांनी तिनं शिवेचा दगड धरला. कळशी कलंडली, पाणी वाटेच्या धुळीत गेलं आणि बघता बघता मुरलं. रखमा ते बघत होती.

"नको, आत्या," ती म्हणाली. "खाली सगळ्यांची पोरंबाळं हायत. धारकोंडची भाकर मी मोडली ती मोडली. आता हतलं पानी मी नेयाची नाय."

येसूबाईनं हात सोडला. सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं, दाखवायचं ते दाखवून झालं होतं. आता तिच्याकडं काही उरलं नव्हतं. सहाणेवर बायकांत बसलेली असताना दोन शब्द बोलली असती तर ते कुणीतरी खरे मानले असते, असं तिच्या मनात आलं आणि ती दगडाला टेकून खाली बसली.

रखमानं कलंडलेली कळशी उचलली, पदरानं आतली धूळ पुसली आणि जपून पाय टाकत परत गेली. बऱ्याच वेळानं ती भरून घेऊन आली आणि दगडावर ठेवली.

"उद्याला वाईच लवकर या, आत्या," ती म्हणाली. "चढावर ऊन लय होतंय तुमाला."

येसूबाईनं चुंबळ नीट केली, कळशी डोक्यावर घेतली आणि चढाला लागली.